पत्त्यावर पत्ता नसतो

टॅरोच्या पत्त्यांवर बोलायला कवीला का बोलावतात, याचा हिशेब माझ्या लक्षात येतो. दोघंही मोघम बोलतात आणि ऐकणारा आपल्याला हवा तो अर्थ घेऊन घरी जातो! यात राग येण्यासारखं मला काही वाटत नाही. मोघम बोलणं कुठं चालतं आणि कुठं चालू नये, हा माझ्या रोजच्या कामातला प्रश्न आहे, म्हणून मी हा विषय आनंदानं घेतला.

आधी पत्त्यांची ओळख करून घेऊ. टॅरोच्या कॅटमध्ये ७८ पानं असतात. त्यांतली ५६ आपल्या नेहमीच्या पत्त्यांच्या भाऊबंदांपैकी. बदाम, चौकट, किलवर, इस्पिकच्या जागी इथं प्याले, नाणी, काठ्या आणि तलवारी. प्रत्येकात एक्क्यापासून दहापर्यंत पानं आणि वर राजा, राणी, स्वार आणि हुजऱ्या. उरलेली २२ पानं निव्वळ चित्रांची : सम्राट, संन्यासी, चंद्र, सूर्य, कोसळता मनोरा, सैतान, मृत्यू, मूर्ख अशी. विचारायला आलेला माणूस पत्ते पिसतो किंवा कापतो. सांगणारा ठरलेल्या जागांवर तीन, कधी दहा पानं मांडतो. तीन पानांच्या मांडणीत बहुधा पहिली जागा भूतकाळाची, दुसरी वर्तमानाची, तिसरी पुढच्या काळाची. मग पानावरचं चित्र आणि पानाची जागा यांची सांगड घालत बोलणं सुरू होतं.

ही विद्या इजिप्तच्या पुरोहितांची, हजारो वर्षांची, असं अजूनही सांगितलं जातं. ते खरं नाही. टॅरो जन्माला आला तो पत्ते कुटण्यासाठी. युरोपात पत्ते पोचले ते चौदाव्या शतकात, इजिप्तच्या मामलुक सुलतानांच्या मुलखाकडून. म्हणजे इजिप्तचा संबंध आहे, पण पुरोहितांचा नाही, सरदारांच्या करमणुकीचा! मामलुकांच्या पत्त्यांचा एक जुना कॅट इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात जपून ठेवला आहे. त्यातही प्याले, नाणी आणि तलवारी आहेत, चौथा प्रकार पोलोच्या काठ्यांचा. युरोपात तेव्हा पोलो कुणाला ठाऊक नव्हता, म्हणून तिथं नुसत्या काठ्या राहिल्या. त्या पत्त्यांत राजाखालोखाल ‘नायब’ असे. आपल्या नायब तहसीलदारातला नायब, तोच. फ्लॉरेन्स शहरानं १३७७ मध्ये या खेळावर बंदी घातली, त्या हुकमात खेळाचं नाव ‘नाइब्बे’ असंच आलं आहे.

पुढं १४४० च्या सुमारास उत्तर इटलीतल्या सरदारांनी या पत्त्यांना वरचढ चित्रांची पानं जोडली. बाकीच्या पानांवर मात करणारी, म्हणून त्यांना ‘त्रिओन्फी’ म्हणत. इंग्रजीतला ‘ट्रंप’ त्यातूनच आला आणि आपण त्याला हुकूम म्हणतो. म्हणजे आज ज्या चित्रांत लोक आपलं नशीब शोधतात, ती मुळात हुकमाची पानं. मिलानच्या ड्यूकसाठी सोन्याचा वर्ख लावून रंगवलेला एक कॅट प्रसिद्ध आहे. त्यातली ७४ पानं शिल्लक आहेत, चार नाहीत. नसलेल्यांत सैतान आणि कोसळता मनोरा आहेत. यावर कुणी गूढ कथा रचली तर नवल नाही. पण साडेपाचशेहून अधिक वर्षांत कॅटमधली चार पानं हरवावीत याचं ज्याला आश्चर्य वाटतं, त्याच्या घरात लहान मुलं नसावीत.

आपल्या सावंतवाडीला गोल, हातानं रंगवलेले गंजिफाचे पत्ते होतात. दशावतारी गंजिफात १२० पानं असतात, त्यांवर प्रत्यक्ष विष्णूचे अवतार. तरी त्याची आपल्याकडची ओळख खेळ म्हणूनच राहिली. फ्रान्समध्ये आजही टॅरो हा घरोघरचा खेळ आहे. मग त्याचं ज्योतिष झालं कसं? कूर द जेबेलां नावाच्या एका फ्रेंच विद्वानानं पॅरिसमध्ये एका घरी हा खेळ चाललेला पाहिला, जागच्या जागी जाहीर केलं आणि १७८१ साली छापलंही, की हे इजिप्तच्या थोथ देवाचं गुप्त पुस्तक आहे. त्या वेळी इजिप्तची चित्रलिपी जगात कुणालाही वाचता येत नव्हती. शांपोलियोंनं ती उलगडली १८२२ मध्ये. वाचता न येणाऱ्या पुस्तकाचा अर्थ सांगणं सोपं असतं, कारण चूक कोण काढणार! आलिएत नावाचे गृहस्थ आपलं नाव उलट्या अक्षरांनी ‘एतेइया’ असं लिहून धंदा करत, त्यांनी १७८९ मध्ये खास भविष्य सांगण्यासाठी वेगळा कॅट काढला.

आज दुकानांत मिळणारी बहुतेक पानं मात्र ज्या चित्रांवरून येतात, ती १९०९ ची आहेत. लंडनच्या रायडर या प्रकाशनानं ती छापली. कल्पना आर्थर एडवर्ड वेट यांची, चित्रं पामेला कोलमन स्मिथ या तरुण चित्रकर्तीची. तोवर बहुतेक कॅटमध्ये तलवारींची तिर्री म्हणजे नुसत्या तीन तलवारी असत, आपल्या इस्पिकच्या तिर्रीसारख्या. पामेलानं त्या तीन तलवारी एका लाल काळजातून आरपार घातल्या आणि मागं पाऊस दाखवला. सगळ्या छोट्या पानांवर तिनं अशी माणसं, घरं, वाटा, होड्या काढल्या. टॅरो जगभर गेला तो या चित्रांवर. तिला मात्र कामाचे एकदाच थोडके पैसे मिळाले. काम मोठं आणि मोबदला अगदी कमी, असं तिनं त्याच वर्षी एका पत्रात लिहून ठेवलं आहे. १९५१ मध्ये ती गेली, तेव्हा हाताशी फारसं काही नव्हतं. लाखो लोकांचं भविष्य सांगणाऱ्या चित्रांनी आपल्या चित्रकर्तीचं भविष्य काही सांगितलं नाही.

चित्र आलं म्हणजे अर्थ आला, आणि अर्थाच्या मागून घोटाळा. पामेलाचं ‘मृत्यू’ हे पान बघा. पांढऱ्या घोड्यावर काळ्या चिलखतातला सांगाडा. राजा खाली पडला आहे, धर्मगुरू हात जोडून उभा आहे, एक मूल वर बघतं आहे. मागं दूर दोन मनोऱ्यांच्या मधे सूर्य. तो उगवतो आहे की मावळतो आहे? वेट यांनी आपल्या पुस्तकात त्याला अमरत्वाचा सूर्य म्हटलं आहे. पण चित्रातल्या सूर्याला ते ठाऊक नाही. सांगणारा म्हणतो, घाबरू नका, हे पान मरणाचं नाही, बदलाचं आहे. हे म्हणणं चित्रात बसतं. उलट म्हणणंही बसलं असतं.

आता योगायोगाचा हिशेब करू. मी बी. ए. मराठीचा, पण हा गुणाकार मलाही जमतो. ७८ मधून एकामागून एक तीन पानं काढली तर पहिल्या जागेला ७८, दुसऱ्या जागेला ७७, तिसऱ्या जागेला ७६ शक्यता. गुणाकार चार लाख ५६ हजार ४५६. ‘हीच तीन पानं, याच क्रमानं, साडेचार लाखांत एकदा येतात आणि ती नेमकी तुम्हाला आली’, असं कुणी म्हटलं तर ते खोटं नाही. फक्त दुसरी कुठलीही तीन आली असती, तरी हेच वाक्य तितकंच खरं ठरलं असतं. तीन पानांच्या मांडणीत मृत्यूचं पान २६ जणांत एकाच्या वाट्याला येणारच, मग तो लग्नाचं विचारायला आलेला असो की बदलीचं.

दुसरी गंमत. टॅरोची आवड असलेले बरेच जण रोज सकाळी एक पान काढतात. थोड्याच दिवसांत त्यांच्या लक्षात येतं, की एखादं पान आपला पाठलाग करतंय. हिशेब असा, की पान दरवेळी परत घालून पिसलं, तर अकरा दिवसांत एखादं पान पुन्हा निघण्याची शक्यता निम्म्याहून जास्त. तीस दिवसांत एकही पान पुन्हा आलं नाही, तर मात्र चमत्कार मानायला हरकत नाही.

पिसण्याचीही एक गोष्ट आहे. डेव्ह बेयर आणि पर्सी डायकोनिस या गणितज्ञांनी १९९२ मध्ये दाखवलं, की ५२ पत्त्यांचा कॅट दोन भाग करून एकमेकांत फर्रकन मिसळायचा, तर साधारण सात वेळा मिसळावा लागतो. डायकोनिस आधी जादूचे प्रयोग करत, त्यांना पत्त्यांचे सगळे चाळे माहीत. टॅरोची पानं जास्त आणि आकारानं मोठी, म्हणून त्यांना आणखी पिसणं लागतं. पण बहुतेक ठिकाणी ती चार-दोन वेळा वरखाली करतात आणि मांडतात. त्यामुळे आधीच्या माणसाच्या मांडणीतली शेजारची पानं पुष्कळदा शेजारीच राहतात. तुमच्या भविष्यात आधी येऊन गेलेल्याचं थोडंसं उरलेलं असतं म्हणायचं!

आता मी पाहिलेली एक मांडणी सांगतो. आमच्या नात्यातल्या एक भाभी आहेत, चुलतभाऊ वारल्यापासून एकट्या. नवऱ्यानं बांधलेलं घर विकावं की ठेवावं, या पेचात होत्या. घरावर कर्ज होतं आणि एक गिऱ्हाईक तयार होतं. त्या एका टॅरोवाल्या बाईंकडे निघाल्या, तेव्हा मला म्हणाल्या, ‘‘भाई, तुम्ही बरोबर चला. घरात कुणाला सांगू नका.’’ घरात न सांगण्याचं कारण उघड आहे. कुराणाच्या पाचव्या सूऱ्यात बाण टाकून कौल घेणं निषिद्ध ठरवलं आहे, तेही दारू आणि जुगाराच्या पंगतीला बसवून. आमच्या घरातली मोठी माणसं टॅरोकडेही त्याच नजरेनं बघतात.

तीन पानं निघाली. पहिलं नाण्यांची चौकी : एक माणूस एक नाणं छातीशी कवटाळून बसलाय, दोन पायांखाली, एक डोक्यावर. दुसरं प्याल्यांची अठ्ठी : रात्रीची वेळ, आठ प्याले रचून ठेवलेले आणि त्यांच्याकडे पाठ करून काठी टेकत निघालेला एक जण. तिसरं तलवारींची छक्की : होडीत पाठमोरी बसलेली बाई, शेजारी लहान मूल, मागं होडी ढकलणारा आणि होडीत रोवलेल्या सहा तलवारी. बाईंनी सुरुवात केली, ‘‘प्रवास दिसतोय.’’ भाभींचं तिकडे लक्ष नव्हतं. त्यांचं बोट दुसऱ्या पानावर होतं. ‘‘हा निघालाय ना, ही मीच. भरलेले प्याले टाकून चाललीये.’’ आणि मग त्या बोलायला लागल्या. घर म्हणजे भिंती नाहीत, त्यांच्या हाताची बाग आहे, रात्री झोप येत नाही, मुलगा फोनवर विका म्हणतो, सगळं. दीड वर्षात त्या आमच्यापैकी कुणाजवळ एवढं बोलल्या नव्हत्या. खरं सांगायचं तर त्या क्षणी त्या ७८ पानांबद्दल मला आदर वाटला.

इथवर ठीक होतं. मग बाई म्हणाल्या, ‘‘पण आत्ता नको. सहा महिने थांबा. छक्की आहे ना.’’ मी विचारलं, ‘‘ताई, पहिलं पान चौकी आहे, दुसरं अठ्ठी. चार महिने का नाही? आठ का नाही?’’ त्या प्रामाणिक होत्या, चिडल्या नाहीत. म्हणाल्या, ‘‘तिसरी जागा पुढच्या काळाची. आणि थोडं अनुभवानं कळतं.’’ पण सहा म्हणजे महिनेच का, आठवडे किंवा वर्षं का नाहीत, हे कुठल्याही पानावर काढलेलं नव्हतं. ‘मी निघालेय’ हा अर्थ भाभींनी स्वतः काढला होता आणि तो त्यांच्या आयुष्यातून आला होता. ‘सहा महिने’ हा अर्थ बाईंनी काढला, आणि व्याज भरणार होत्या भाभी.

त्या थांबल्या. गिऱ्हाईक दोन महिने थांबलं आणि मग त्यानं मागच्या गल्लीत घर घेतलं. त्यावर भाभी काय म्हणाल्या असतील? ‘‘पानं बरोबरच बोलली होती, होडी दुसऱ्या काठाला जाणार होती. मलाच उमगलं नाही.’’ पान कधी चुकत नाही ते असं. चुकतो तो वाचणारा, आणि तोही मागाहून.

याचा अभ्यास झालेला आहे. १९४८ मध्ये बर्ट्रम फोरर या अमेरिकेतल्या मानसशास्त्राच्या प्राध्यापकांनी वर्गातल्या ३९ विद्यार्थ्यांची स्वभाव-चाचणी घेतली आणि प्रत्येकाला त्याचं वर्णन दिलं. ते कितपत जुळतं याला पाचापैकी गुण द्या म्हणाले. सरासरी आली ४.२६. मग उलगडा झाला, की सगळ्यांना एकच मजकूर दिला होता, तोही रस्त्यावर मिळणाऱ्या ज्योतिषाच्या पुस्तकातून जमवलेला. रे हायमन यांची हकीकत याहून बोलकी आहे. ते पुढं मानसशास्त्रज्ञ झाले, पण तरुणपणी हात बघत आणि त्यांचा त्यावर विश्वासही होता, कारण लोक म्हणत, अगदी बरोबर सांगितलंत. एका जाणकार मित्राच्या सांगण्यावरून त्यांनी एकदा रेषांचा जो अर्थ पुस्तकात दिला असेल त्याच्या नेमकं उलट सांगून पाहिलं. लोक तितकेच खूश झाले!

यावरून ‘लोक भोळे असतात’ असा निष्कर्ष काढून हसणारे असतात. मला तसं हसू येत नाही. हेच लोक माझ्या कविता वाचतात. आणि कविता वाचताना माणूस हेच करतो, आपलं आयुष्य त्या ओळींत बसवून बघतो.

इराणात शतकानुशतकं हाफिजच्या दीवानातून फाल बघतात. मनात प्रश्न धरायचा, डोळे मिटून पुस्तक उघडायचं, जी गझल निघेल ती आपली. यल्दाच्या रात्री, हिवाळ्यातल्या सगळ्यात मोठ्या रात्री, घरोघर हे चालतं. शिराझला हाफिजच्या कबरीजवळ पिंजऱ्यातल्या पाखराकडून शेराची चिठ्ठी काढून देणारे उभे असतात, आपल्याकडच्या पोपटवाल्यासारखे. पाटण्याच्या खुदाबख्श ग्रंथालयात हाफिजची एक हस्तलिखित प्रत आहे. तिच्या समासांत हुमायून आणि जहांगीर या बादशहांनी पाहिलेल्या फालांच्या नोंदी त्यांच्याच हस्ताक्षरात आहेत.

हाफिजच का? माझ्या मते गझलेची घडणच याला सोयीची आहे. प्रत्येक शेर आपापल्या पायांवर उभा असतो, मागचापुढचा संदर्भ लागत नाही. आणि शेरातला ‘तू’ कोण ते कवी सांगत नाही. प्रेयसी, राजा, ईश्वर, कुणीही बसतं. टॅरोच्या चित्राचंही तेच. चित्र भरगच्च असतं, होडी आहे, चंद्र आहे, तलवारी मोजून सहा आहेत. पण ते कुणासाठी, हे लिहिलेलं नसतं. मराठीत ज्याला आपण पत्ता म्हणतो, त्या पत्त्यावर कुणाचाच पत्ता नसतो. तो आपण घालतो. इतालो काल्व्हिनोनं १९७३ च्या एका पुस्तकात वाचा गेलेल्या प्रवाशांकडून फक्त टॅरोची पानं मांडून आपापल्या कहाण्या सांगवल्या आहेत. एकच पान एकाच्या गोष्टीत एक होतं आणि दुसऱ्याच्या गोष्टीत दुसरंच.

कोकणात देवाला कौल लावतात, तो प्रकार याहून वेगळा. तिथं उजवीकडची पाकळी आधी पडली तर हो, डावीकडची पडली तर नाही, असं साधारण आधीच ठरलेलं असतं. योगायोग निर्णय देतो आणि अर्थ लावणाऱ्याला फारशी जागा उरत नाही. टॅरोत योगायोग फक्त चित्र देतो, बाकी सगळी जागा अर्थ लावणाऱ्याची. म्हणूनच जबाबदारीही त्याची, पानाची नाही.

आता तर मोबाईलवरही टॅरो आला आहे. पान यंत्र काढतं, आणि खरं तर हाताच्या पिसण्यापेक्षा चांगलं मिसळून काढतं. अर्थही यंत्रच लिहून देतं, मिनिटभरात, गोड भाषेत. पण समोरच्या बाईचं बोट कुठल्या पानावर थांबलंय, हे त्याला दिसत नाही.

भाभींना मी एक वही आणून दिली आहे. त्या अजून जातात, आणि मी त्यांना अडवत नाही. एवढंच सांगितलं आहे, की पान निघाल्यावर त्याच दिवशी तारीख घालून लिहायचं. पानाच्या डाव्या बाजूला चित्रात जे दिसतं ते, उजव्या बाजूला सांगणाऱ्यानं आपल्याकडून घातलं ते. होडी डावीकडे, सहा महिने उजवीकडे. आणि उजवीकडच्या मजकुरावर पैशाचा, औषधपाण्याचा, कोर्टकचेरीचा निर्णय असेल, तर आधी बँकेत, दवाखान्यात किंवा वकिलाकडे जाऊन यायचं. परवा त्यांनी वही दाखवली. डावी बाजू गच्च भरली आहे, त्यात बाग आहे, मुलगा आहे, झोप न येणाऱ्या रात्री आहेत. उजव्या बाजूला त्यांनी दुधाचा हिशेब लिहायला घेतला आहे.